काळजी करणं आणि काळजी घेणं : चाळिशीनंतर स्वभाव बदलतो का?

सातपूरकर

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

मी ५१ वर्षांचा. नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत एका कारखान्याच्या टूलरूममध्ये फोरमन आहे. आयटीआय करून टर्नर म्हणून लागलो, त्याला ३१ वर्षं झाली. मुलगी बारावीला आहे. वडील ७९ वर्षांचे, एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. दोन वर्षांपूर्वी खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून वॉकर धरून चालतात. आई नाही.

पंचेचाळिशीनंतर माझा स्वभाव बिघडत गेला. कुणी काही विचारलं की आधी 'नाही'च तोंडात यायचं. मित्रांचे फोन वाजून बंद व्हायचे, मी बघत बसायचो. रात्री दोन-अडीचला जाग यायची आणि हिशेब सुरू व्हायचा. मुलीची फी, वडिलांची औषधं, घराचे हप्ते. पूर्वी मी 'नोकरीला इतकी वर्षं झाली' असं मोजायचो. कधीपासून 'इतकी राहिली' असं मोजायला लागलो, ते माझं मलाच कळलं नाही.

बायको एकदा जेवताना म्हणाली, "तुम्ही दिवसभर सगळ्यांची काळजी करता, पण घेत कुणाचीच नाही." भांडण नव्हतं. साधं बोलणं होतं. पण मला घास गिळवेना.

त्याच महिन्यात कामावर एक गोष्ट घडली. पेठ तालुक्यातला एक पोरगा आमच्याकडे अप्रेंटिस आहे, १९ वर्षांचा. त्याने लागोपाठ दोन जॉब, म्हणजे मशीनवर घडवायचे नग, घालवले, दोन्ही मापात कमी. मी त्याला अख्ख्या शॉपसमोर झाडला. नको ते बोललो. पोरगा दोन दिवस आलाच नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या रिकाम्या मशीनकडे बघताना पोटात कालवलं. मी लागलो तेव्हा माझे मिस्त्री माझ्याशी असे वागले असते, तर मी आज कुठे असतो?

शेवटी मीच त्याच्या खोलीवर गेलो आणि माफी मागितली. तिसऱ्या दिवशी तो आला. म्हटलं, माप घेऊन दाखव. त्याने मायक्रोमीटर, म्हणजे बारीक माप घ्यायचं हत्यार, पाना आवळावा तसा आवळला. त्याची फिरती नळी, थिंबल, धरून पिळत होता. मी त्याची बोटं मागे रॅचेटवर, म्हणजे टोकाच्या छोट्या मुठीवर, ठेवली, म्हटलं, इथून फिरव, तीनदा कट-कट वाजलं की थांब, जोर लावायचा नाही. दुसरी चूक याहून मोठी होती. जॉब लेथवरून उतरला की लगेच तो माप घ्यायचा. ५० मिलिमीटर व्यासाचं पोलाद वीसेक अंशांनी निवलं की सुमारे एक शतांश मिलिमीटर आकसतं. आमच्या कामात तेवढंही पुष्कळ असतं. गरम असताना बरोबर भरलेला जॉब गार झाल्यावर कमी भरतो. हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. कुणी म्हणजे मीच.

आता दर शनिवारी सुट्टीनंतर अर्धा तास त्याला आणि आणखी दोघांना घेऊन बसतो. चार महिने झाले. घरी माझा आवाज खाली आलाय, असं मुलगी म्हणते. झोप बरी लागते. गेल्या आठवड्यात वडिलांना न्हाऊ घालताना ते डेपोतल्या गोष्टी सांगत होते आणि मी त्या पहिल्यांदा पुऱ्या ऐकल्या.

माझा प्रश्न मनापासून आहे. पन्नाशीत स्वभाव खरंच बदलतो का? का मी उगाच दोन गोष्टी जोडतोय? तुमच्याकडे काय घडलं, ते लिहा.

कृष्णाकाठची

सातपूरकर, वाचताना डोळे भरले. पोराच्या खोलीवर जाऊन माफी मागितलीत, ते फार आवडलं.

आपल्या भाषेत 'चाळिशी' म्हणजे वयही आणि चष्माही. मला ४३ व्या वर्षी लागली. सुईत दोरा जाईना, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "आता लांबचं नीट दिसेल बघ." त्या चष्म्याबद्दलच बोलत होत्या, पण मला ते वाक्य कायम आठवतं. त्या वयानंतर मला माझी आईसुद्धा वेगळी दिसायला लागली. ती माझ्या वयाची असताना कशी जगली असेल, हा विचार त्याआधी कधी शिवलाच नव्हता.

पिंपळपार

मी वरिष्ठ महाविद्यालयात २२ वर्षं मानसशास्त्र शिकवते. हा भाग दरवर्षी शिकवते, पण सातपूरकरांच्या घरातल्या त्या एका वाक्यात तो जितका नेमका आलाय, तितका मला वर्गात कधी मांडता आला नाही. म्हणून सविस्तर लिहिते.

मानसशास्त्रज्ञ एरिक एरिकसन (१९०२ ते १९९४) यांनी माणसाच्या आयुष्याचे आठ टप्पे मांडले. १९५० सालच्या त्यांच्या पुस्तकात ते पहिल्यांदा नीट आले. त्याआधीचं बरंचसं मानसशास्त्र बालपणाशीच घुटमळत होतं. जे घडायचं ते लहानपणीच घडतं, पुढे नुसता त्याचा निस्तार, असा सूर असायचा. एरिकसन म्हणाले, वाढ शेवटपर्यंत चालते. त्यांचा सातवा टप्पा म्हणजे आपलं हे वय, ढोबळमानाने चाळिशी ते पासष्टी. या टप्प्यात माणसापुढे दोन वाटा असतात. एक, पुढच्यांसाठी काही रुजवण्याची. दुसरी, स्वतःभोवती साचून राहण्याची. साचणं म्हणजे आळस नव्हे बरं का. दिवसभर राबणारा माणूसही आतून साचलेला असू शकतो.

प्रत्येक टप्पा नीट पार पडला तर माणसाला एक बळ मिळतं, असं ते म्हणत. सातव्या टप्प्याचं बळ कोणतं? काळजी. इंग्रजीत त्यांनी यासाठी वापरलेला 'केअर' हा शब्द मराठीत आणताना मी दरवर्षी अडखळते, कारण आपल्या 'काळजी'त चिंताही आहे आणि जपणूकही. करणं आणि घेणं, क्रियापद बदललं की अर्थ फिरतो. सातपूरकर, तुमच्या सौभाग्यवतींनी सातवा टप्पा दोन क्रियापदांत सांगितला.

'झाली' ऐवजी 'राहिली' मोजणं, हेही ओळखीचं आहे. बर्निस न्यूगार्टन या अभ्यासिकेने शिकागोत मध्यमवयीन माणसांशी बोलून हेच टिपलं होतं. या वयात काळ मोजायची दिशाच उलटते. जन्मापासून किती गेलं, हे मागे पडून हातात किती उरलं, ते पुढे येतं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. त्या जाणिवेतूनच बरीच माणसं काय टाकायचं आणि काय धरायचं, ते ठरवतात.

आता स्वभावाचं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० मध्ये लिहून ठेवलं की तिशीपर्यंत बहुतेकांचा स्वभाव प्लॅस्टरसारखा घट्ट होतो. पुढे शंभर वर्षं ते वाक्य फिरत राहिलं. पण त्याच माणसांना वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा भेटून केलेले अभ्यास जमत गेले, आणि २००६ मध्ये ब्रेंट रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी असे ९२ नमुने एकत्र तपासले. त्यातून दिसलं की सरासरीने माणसं वयाबरोबर अधिक जबाबदार आणि मनाने अधिक स्थिर होतात. सर्वांत जास्त बदल विशी ते चाळिशीत होतो, पण चाळिशीनंतर दार बंद होत नाही. एक खरं, दहा जणांत सर्वांत बडबडा असलेला माणूस पन्नाशीतही बहुधा त्या दहांत बडबडाच राहतो. रांगेतली जागा फारशी हलत नाही, पण अख्खी रांग पुढे सरकते.

भोसरीकर

कुणाला दुखवायचं नाही, पण मनातलं लिहितो.

मी ४७ वर्षांचा, सीएनसी प्रोग्रॅमर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनचे प्रोग्रॅम लिहिणारा. सात महिन्यांपूर्वी नोकरी गेली. कारण काय, तर माझ्या पगारात दोन नवे येतात. मुलाखतीला समोर तिशीतला मुलगा असतो, तो वय बघतो आणि कागद बाजूला ठेवतो. मुलगा नववीत आहे. बायको शिवणकाम करते, सध्या घर त्यावर चाललंय.

पुढच्यांसाठी रुजवायचं म्हणता. ज्यांची खुर्ची शाबूत आहे त्यांचं ठीक आहे. रोज सकाळी 'आज कुठे अर्ज करू' हाच प्रश्न ज्याच्यासमोर आहे, तो साचतो तो काय हौसेने साचतो? पिंपळपार ताई, हे टप्पे आयुष्याची घडी बसलेल्या माणसांवरूनच बांधलेत, असं मला वाटतं. चूक असेल तर सांगा.

पिंपळपार

भोसरीकर, चूक नाही. तुमच्या आक्षेपात तथ्य आहे आणि तो अभ्यासकांनीही घेतला आहे.

डॅनियल लेव्हिन्सन यांचं मध्यमवयावरचं गाजलेलं काम १९७८ मध्ये आलं, ते फक्त ४० अमेरिकन पुरुषांच्या मुलाखतींवर उभं होतं. त्यांतले कारखान्यात ताशी मजुरीवर काम करणारे दहाच होते. बाकी व्यवस्थापक, जीवशास्त्रज्ञ आणि कादंबरीकार. 'मिडलाइफ क्रायसिस', म्हणजे मधल्या वयातला पेच, हा शब्द तर एलियट जॅक्स यांनी १९६५ च्या ज्या लेखात वापरला, तो थोर कलावंतांच्या आयुष्यांवर बेतलेला होता. तिथून तो सगळ्यांच्या माथी आला.

मग अमेरिकेत १९९५ मध्ये २५ ते ७४ वयाच्या सात हजारांहून अधिक लोकांचा मोठा अभ्यास सुरू झाला. त्यातल्या काहींना पुढे नेमकं विचारलं, 'तुम्हाला असा पेच आला का?' साधारण चौथा हिस्सा लोक 'हो' म्हणाले. कशामुळे, असं विचारल्यावर पुष्कळांनी वयाचं नाव घेतलंच नाही. नोकरी जाणं, घटस्फोट, आजारपण, कुणाचा तरी मृत्यू, अशी कारणं आली. ती कुठल्याही वयात येतात.

म्हणून तुमच्या बाबतीत मी 'या वयात असं होतंच' असं कधीच म्हणणार नाही. तुमच्यावर अन्याय झालाय, आणि त्याला स्वभावाचा प्रश्न म्हणणं म्हणजे दुसरा अन्याय होईल.

ओसरी

मीही लिहू का? मी ४९ वर्षांची. लग्न केलं नाही. रत्नागिरीत बँकेत आहे. आईला विस्मरणाचा आजार आहे, पाच वर्षं झाली. आता ती मला तिची मोठी बहीण समजते आणि 'अक्का' म्हणते. सुरुवातीला मी दुरुस्त करायचे. आता 'ओ' देते.

पुढची पिढी म्हणजे मुलंबाळं असं धरलं, तर या सातव्या टप्प्यात मी कुठेच नाही. लग्नकार्यात बायका हेच वेगळ्या शब्दांत ऐकवतात. आणि माझी सगळी जपणूक तर मागच्या पिढीकडे जाते. ती धरतात का कुठे?

एक मात्र सांगते. मी पूर्वी फार काटेकोर होते. बँकेत कुणी चुकीची स्लिप भरली की तोंड वाकडं व्हायचं. आईमुळे ते गेलं. परवा एक आजोबा तिसऱ्यांदा पासबुक घरी विसरून आले. मी त्यांना पाणी दिलं आणि शांतपणे बसवलं. शेजारची सहकारी म्हणाली, "तू बदललीस गं." हे मी ठरवून केलं नाही. घरी रोज तेच करते, ते हातात बसलं.

कृष्णाकाठची

ओसरी, तुमचं 'ओ देते' वाचून बराच वेळ पुढे काही वाचवेना.

एक गोष्ट कुणी काढली नाही म्हणून मी काढते. बायकांचं हे वय म्हणजे पाळी जाण्याचंही वय. आपल्याकडे ते सरासरी ४६-४७ च्या आसपास येतं. माझी त्या वर्षात इतकी चिडचिड व्हायची की 'हिचा स्वभावच बिघडला' असं घरात ठरून गेलं. शेवटी डॉक्टरबाईंकडे गेले. रक्त तपासलं, लोह फार कमी निघालं, रात्रीच्या घामामुळे झोप नव्हती. उपचार झाले आणि चार महिन्यांत मी पुन्हा मी झाले. तेव्हा बायांनो, आणि घरातल्या पुरुषांनो, स्वभावाला नाव ठेवण्याआधी तपासणी करून घ्या.

निफाडचा

+१. माझ्या पत्नीच्या बाबतीत थायरॉइड निघाला.

मैत्रीबद्दल दोन शब्द. चाळिशीत माझे मित्र गळत गेले. भांडण कुणाशीच नाही, नुसतं राहून गेलं. गेल्या वर्षी शाळेतला एक बाकसोबती हृदयविकाराने गेला, ४८ व्या वर्षी. अमरधाममध्ये आम्ही सहा जण भेटलो आणि कळलं की सहाही जण एकाच जिल्ह्यात राहतो. तेव्हापासून दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी कुणाच्या तरी मळ्यावर जमतो. द्राक्षाच्या भावाखेरीज काही बोलायला आम्हाला तीन रविवार लागले. चौथ्या रविवारी एकाने कर्जाचं सांगितलं, आणि मग सगळेच बोलले.

पिंपळपार

निफाडचा, या वयात ओळखींचा घेर आकसतो, हे मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टनसेन यांच्या कामातही दिसतं. उरलेला काळ थोडा वाटायला लागला की माणूस वरवरच्या ओळखी सोडतो आणि जवळच्यांना धरतो. म्हणजे घेर लहान होणं वाईट नाही, मधोमध कुणी तरी उरलं पाहिजे. ते तुम्ही वेळेवर सावरलंत.

ओसरी, तुमच्या प्रश्नावर दोन दिवस विचार केला. मानसशास्त्रज्ञ जॉन कोत्रे यांनी १९८४ मध्ये या रुजवण्याचे चार प्रकार पाडले. जन्म देणं, वाढवणं, हातातलं कसब शिकवणं, आणि संस्कृतीतलं काही जपून पुढे देणं. पोटचं मूल त्यातल्या एकाच प्रकाराला अनिवार्य आहे. आपल्या इथलं उदाहरण द्यायचं तर महर्षी कर्व्यांचं आयुष्य या चष्म्यातून बघा. त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला तो १८९६ मध्ये, वयाच्या ३८ व्या वर्षी. महिला विद्यापीठ १९१६ मध्ये, ५८ व्या वर्षी. ज्या वयात माणसं निवृत्तीचे कागद लावतात, त्या वयात त्यांचं मोठं काम उभं राहिलं. त्या कामातून पुढे आलेल्या हजारो मुली कुणाच्या पोटच्या होत्या, हे कुणी विचारतं का?

एरिकसन यांनाही हे दिसलं होतं. १९६२ मध्ये ते अहमदाबादला एका चर्चासत्रासाठी आले आणि तिथल्या १९१८ च्या गिरणी संपाने त्यांना पछाडलं. गांधीजी तेव्हा ४८ वर्षांचे होते. चार मुलांचे बाप, पण त्या मार्चमध्ये ते उपोषणाला बसले ते साबरमतीकाठी जमणाऱ्या गिरणी कामगारांचा धीर सुटू नये म्हणून. या एका घटनेवर एरिकसन यांनी १९६९ मध्ये अख्खा ग्रंथ लिहिला. मधल्या वयात माणूस घराबाहेरच्यांची जबाबदारी कशी अंगावर घेतो, हा त्यांचा शोध होता. त्याची घरच्यांना काय किंमत पडते, हेही त्यांनी टाळलं नाही. त्यात गांधीजींना उद्देशून एक लांब पत्रच आहे, तक्रारीच्या सुरातलं.

आणि मागच्या पिढीची जपणूक? ती या मांडणीत पातळ आहे, हे मान्य करते. पाश्चात्त्य पुस्तकांत या वयाचा माणूस पुढे तोंड करून उभा असतो. आपल्या घरांत तो मधोमध उभा असतो, दोन्ही हात गुंतलेला. तुमच्या आईला 'ओ' देताना जे तुमच्यात तयार झालं, ते पासबुक विसरलेल्या आजोबांपर्यंत पोचलं. मी माझ्या वर्गात हे उदाहरण सांगितलं तर चालेल का? नाव-गाव न घेता.

ओसरी

सांगा. आईला वाचून दाखवलं. तिला काही कळलं नाही, पण तिने माझा हात धरून ठेवला होता.

सातपूरकर

सगळ्यांचे मनापासून आभार. सवाष्णीला हळदीकुंकू द्यावं तसं प्रत्येकाने काही ना काही दिलंत.

भोसरीकर, तुमचा प्रतिसाद मी तीनदा वाचला. तुम्ही म्हणता ते खरं आहे. माझी खुर्ची शाबूत होती म्हणून मला शनिवारचा अर्धा तास काढता आला. पण एक सांगू? आमच्या शॉपमध्ये नव्या पोरांना कंट्रोलवर बटणं दाबता येतात, पण प्रोग्रॅम वाचता येत नाही. 'जी शून्य-दोन' आणि 'जी शून्य-तीन', म्हणजे गोलाई घड्याळाच्या दिशेने कापायची की उलट, हा फरक विचारला की गप्प. तुमच्यासारखा माणूस घरी बसलाय, हे मला सहन होत नाही. आमच्याकडे सध्या जागा नाही, खोटं आश्वासन देणार नाही. पण अंबडला दोन लहान युनिट आहेत, मालक ओळखीचे आहेत, त्यांना जाणता माणूस हवा असतो. तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. घर सोडून यावं लागेल, ते घरी बोलून ठरवा.

वडिलांना हा धागा सांगितला. म्हणाले, मी पण चाळिशीच्या सुमाराला असाच होतो, घरी यायला नको वाटायचं, डेपोतच बसून राहायचो. मला ते लहानपणी वेगळं वाटायचं. वाटायचं, बाबांना आमच्यापेक्षा गाड्या आवडतात. ४० वर्षांनी हा गैरसमज गेला.

भोसरीकर

सातपूरकर दादा, उत्तर द्यायला सहा आठवडे लागले, माफ करा. व्यनि वाचून लगेच काही लिहवलं नाही.

अंबडच्या एका ठिकाणी बोलणं झालं. पगार आधीपेक्षा कमी आहे आणि मुलाची दहावी तोंडावर, त्यामुळे आम्ही दोघांनी बसून 'आत्ता नको' असं ठरवलं. मालक चांगले वाटले, पुढच्या जूनपर्यंत बघू म्हणाले. इकडे एका ठिकाणी दोन पाळ्यांपुरतं रोजंदारीवर काम मिळालंय.

तुम्ही 'जी शून्य-दोन'चं लिहिलंत ते डोक्यात राहिलं. आमच्या चाळीत मशिनिस्टचा ट्रेड करणारी पोरं आहेत. घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर सिम्युलेटर टाकला, आणि रविवारी सकाळी बायकोचं शिवणयंत्र सरकवून जागा केली. तीन पोरं येतात. एकाला अजून दशांश चिन्ह कुठे द्यायचं तेच कळत नाही, ५० च्या जागी ५ लिहितो. गेल्या रविवारी माझा मुलगाच त्याच्या शेजारी बसला आणि वहीत रेघा मारून त्याला समजावत होता. मी चहा आणायला उठलो होतो, तो दारातच थांबलो.